खाऱ्या पाण्यातला खोटा मासा : टिकाऊ ल्युअर कसा निवडावा



समोरच्या टेबलावर आम्ही दोन वस्तू ठेवल्या आहेत. मागच्या रांगांमधून त्या दिसायच्या नाहीत, म्हणून आधी सांगतो. पहिली वस्तू म्हणजे अकरा सेंटिमीटर लांबीचा प्लॅस्टिकचा मासा. पाठ हिरवट, पोट चंदेरी, डोळे अगदी जिवंत वाटावेत असे. दुसरी वस्तूही तोच मासा, त्याच दुकानातून त्याच दिवशी आणलेला. फक्त तो वालाच्या शेंगेसारखा मधोमध उकलला आहे. पोटातल्या पोलादी गोळ्या सांडून गेल्या आणि पोटाखालचा तिहेरी गळ जागेवर नाही.

तो गळ कुठे गेला, तिथूनच सुरुवात करू. पाऊस नुकता उघडला होता. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीच्या मुखाशी आम्ही तिघे गरवायला उभे होतो. आज बोलणारा एकच असला तरी अनुभव तिघांचा आहे, म्हणून सगळं ‘आम्ही’ म्हणूनच सांगणार आहोत. तर, ओहोटी लागली होती, खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडत होतं. अशा वेळी जिताडा तोंडाशी येऊन थांबतो, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं. सहाव्या-सातव्या फेकीला मासा लागला. एकदा पाण्याबाहेर उसळला तेव्हा दिसला. मीटरभर तरी असावा. त्याने डोकं झटकलं आणि दोर सैल पडला. गुंडाळून घेतलं तर टोकाला ही उकललेली शेंग.

मासा सुटल्याचं दुःख गरवणाऱ्याला नवं नसतं. आणि सुटलेला मासा नेहमी मोठाच असतो, हेही आम्हांला मान्य आहे. (हशा) पण हा मासा नुसता सुटला नव्हता, तर तोंडात तीन टोकांचा गळ घेऊन गेला होता. जिताड्याची एक गोष्ट लक्षात घ्या. तो आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे त्या मापाचा मासा ही बहुधा लाखो अंडी घालणारी मादी होती. ती पुढे जगली का, हे आम्हांला कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी आम्ही दुकानात रंग आणि डोळे पाहून जी निवड केली होती, तिची किंमत आमच्यापेक्षा तिनेच जास्त मोजली.

टिकाऊ ल्युअर म्हणजे पैसे कसे वाचवायचे यावरचं व्याख्यान असेल, असं काहींना वाटलं असेल. पैशांचंही बोलू. पण टिकाऊपणाचा अर्थ आम्ही असा लावतो : मासा लागल्यापासून तो हातात येईपर्यंत, किंवा आपण होऊन सोडेपर्यंत, ज्याचा एकही भाग वेगळा होत नाही तो ल्युअर टिकाऊ. रंग उडाला, दातांचे ओरखडे पडले, तरी हरकत नाही.

आधी शब्दांबद्दल

गरी, गळ, आमिष हे शब्द आपल्याकडे जुनेच आहेत. गळाला कोळंबी लावली, बोईटाचा तुकडा लावला, की ते आमिष. ल्युअर म्हणजे खोटं आमिष. लाकूड, प्लॅस्टिक, धातू, पिसं यांचं केलेलं. हालचाल, चमक आणि पाण्यातला आवाज यांनी ते माशाला फसवतं. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक मोत्याच्या शिंपल्याच्या चमकत्या तुकड्याला हाडाची गरी बांधून ट्यूनासारखे मासे धरत आले आहेत. होडीमागे दोर सोडून पिसांचा झुपका ओढणं आपल्या किनाऱ्यालाही नवं नाही.

आज आपण बोलतोय ते फेकायच्या ल्युअरबद्दल. पुळणीवरून, खडपावरून किंवा जेटीवरून रॉडने लांब फेकायचा आणि रिळाने गुंडाळत आणायचा. होडीमागून ओढायच्या ल्युअरपेक्षा याचं आयुष्य खडतर असतं. तासाला ४० फेकी धरल्या, तर चार तासांत १६० वेळा तो झटका खातो, हवेतून जातो, पाण्यावर आपटतो. मधूनच कातळावर. आणि हे सगळं मिठाच्या पाण्यात. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात.

म्हणजे त्याचे शत्रू चार झाले : मासा, खडक, मीठ आणि ऊन. पहिले दोन जागच्या जागी मोडतात. पुढचे दोन डब्यात पडल्या पडल्या, आपल्या नकळत पोखरतात.

ओढ कुठून कुठे जाते

दुकानात ल्युअर हातात घेतलात की त्याचा रंग क्षणभर विसरा. डोळ्यांसमोर एक साखळी आणा. रीळ, दोर, गाठ, लीडर, स्नॅप, ल्युअरच्या नाकाची कडी, अंग, पोटाची कडी, स्प्लिट रिंग आणि शेवटी गळ. मासा गळाला ओढतो आणि ती ओढ या सगळ्यांतून आपल्या हातापर्यंत येते. यातलं सगळ्यात कच्चं जे असेल ते तुटणार.

मग कच्चं काय असावं? काहीतरी असणारच. घरात वीज जास्त झाली की फ्यूज जातो आणि पंखा वाचतो, तसं इथेही पाहिजे. सगळ्यांत आधी रिळाचा ड्रॅग सुटला पाहिजे, म्हणजे दोर सरकला पाहिजे. दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढा ड्रॅग लावायची पद्धत आहे. दोर १२ किलोचा असेल, तर ड्रॅग ३ ते ४ किलोला सुटावा. दोराचा नंबर त्यानंतर. ल्युअरच्या कड्या, रिंगा आणि गळ हे सगळे दोरापेक्षा मजबूत हवेत. आमच्या त्या शेंगेत हा क्रम उलटा झाला होता. दोर उत्तम होता आणि अंगाचा सांधा कच्चा.

आता अंगातून ओढ कशी जाते ते पाहू. तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत स्क्रूच्या कडीची. लाकडी किंवा भरीव अंगात छोटा स्क्रू फिरवलेला असतो. त्याची सगळी पकड लाकडाच्या धाग्यांवर. लाकूड एकदा भिजलं, फुगलं, की स्क्रू सैल होतो.

दुसरी पद्धत साच्यातल्या कडीची. पोकळ प्लॅस्टिक ल्युअर दोन अर्धांचा असतो, डावा आणि उजवा. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तारेची कडी दोन अर्धांमध्ये दाबून ते चिकटवतात किंवा वितळवून जोडतात. जोड चांगला असेल, तर ही पद्धत बऱ्याच माशांना पुरते. पण सगळा भार जोडावर असतो. जोड उकलला की कडी मोकळी. आमची शेंग या जातीची.

तिसरी पद्धत आरपार तारेची. नाकाच्या कडीपासून शेपटीच्या कडीपर्यंत एकच अखंड तार अंगातून जाते आणि पोटाची कडीही तिच्यातच अडकवलेली असते. अंग फुटलं, चक्काचूर झालं, तरी मासा तारेला धरून असतो. तांबोशी, हेकरू, मोठा जिताडा, ट्रेव्हली अशा दांडग्या माशांच्या मागे असाल, तर आम्ही याच पद्धतीचा आग्रह धरू. तांबोशी आणि हेकरू लागले की थेट कपारीत शिरतात; तिथे ढील देऊन चालत नाही. आणि ढील नाही म्हणजे सगळा भार ल्युअरवर.

तार आरपार आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं? पाकिटावर लिहिलेलं असतं, पण डोळेही वापरा. तिन्ही कड्या सारख्याच जाडीच्या आणि एकाच रेषेत आहेत का पाहा. अंग अर्धपारदर्शक असेल, तर उजेडासमोर धरा, तार दिसते. सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर जोड नीट नाही. पाण्यात खोल बुडवणारी पुढची जीभ असेल, तर ती अंगाबरोबरच साच्यात ओतलेली आहे की नंतर खाचेत चिकटवलेली, ते बघा. चिकटवलेली जीभ कातळावर पहिल्यांदा जाते.

घरी आणल्यावर आम्ही आणखी एक करतो. रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा घेतो. गळ आणि रिंगा काढून ठेवतो, नाकाची कडी भिंतीतल्या हुकाला अडकवतो आणि पोटाची कडी काट्याने हळूहळू १० किलोपर्यंत ओढतो. डोळ्यांना चष्मा हवाच. जे तुटायचं ते घरात तुटलेलं बरं.

अंग कशाचं आहे

पोकळ प्लॅस्टिक स्वस्त असतं, हलकं असतं, छान डुलतं. बहुतेक ते एबीएस जातीचं असतं. एबीएसला ऊन सोसत नाही. उन्हात राहून ते ठिसूळ होतं. गाडीच्या काचेमागे दुपारभर राहिलेल्या डब्यातले ल्युअर वाकडे झालेले आम्ही पाहिले आहेत.

लाकूड जुनं आणि अजूनही लाडकं. लाकडाला हलकेपणा उपजत असतो, आत पोकळी लागत नाही. आमच्यातला एकजण घरीच पॉपर करतो. पांगाऱ्याचं लाकूड हलकं म्हणून लहान पॉपरना, आणि जिथे कातळाशी गाठ आहे तिथे साग. आत दीड मिलीमीटरची स्टेनलेस तार. पण लाकडाचा खरा जीव त्याच्या लेपात असतो. एक ओरखडा खोल गेला की पाणी आत, लाकूड फुगतं, लेप तडकतो. म्हणून इपॉक्सीचे दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि फेरी झाल्यावर ओरखड्यांवर पुन्हा थेंब लावावा.

लेपाचं महत्त्व फार आधीपासून लोकांना कळलेलं आहे. १९३६ मध्ये फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने आपला पहिला ल्युअर बुचाच्या लाकडातून कोरला. चमक यावी म्हणून त्याला चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद गुंडाळला, आणि पाण्यापासून रक्षण व्हावं म्हणून फोटोच्या फिल्मच्या पट्ट्या वितळवून त्याचा थर दिला. हाताशी होतं त्यातून त्याने काम भागवलं. पुढे त्या नावाची मोठी कंपनी झाली.

सगळ्यांत दणकट अंग धातूचं. चमचा म्हणा, जिग म्हणा. दात लागत नाहीत, उकलत नाही, वाऱ्याविरुद्धही लांब जातो. धातू कुठला, यावर मात्र बरंच अवलंबून आहे. शिसं घनसेंटिमीटरला सुमारे ११.३ ग्रॅम, टंगस्टन १९.३ आणि जस्त ७ च्या आसपास. म्हणजे सारख्याच वजनाचा टंगस्टनचा तुकडा शिशापेक्षा बराच लहान. तो वारा कापतो आणि लवकर बुडतो. पण महाग. कातळावर आठवड्याला दोन चमचे गमावणाऱ्याने टंगस्टनच्या वाटेला जाऊ नये. शिशाच्या चमच्यातही नाकापासून शेपटीपर्यंत तार गेलेली हवी. नुसतं भोक पाडलेलं शिसं मऊ असल्याने झिजतं.

आणि मऊ रबरी मासा, म्हणजे सॉफ्ट प्लॅस्टिक. हा टिकाऊ नसतोच. टोळ मासा आला तर पहिल्याच चाव्यात शेपूट नेतो. पण इथे रबर हा खर्चाचा भाग आहे; टिकायचं ते आतल्या जिगहेडने. पैसे जिगहेडच्या गळावर घाला.

गंज : बरणीतल्या मिठाची गोष्ट

आता थोडं शास्त्र. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे घरोघरी माहीत आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळायला लागतं. कोकणात आणि गोव्यात वर्षातले कित्येक महिने हवा याहून दमट असते. याचा अर्थ काय? गळावर मिठाचा पापुद्रा राहिला, तर तो आपल्याला वाळलेला वाटला तरी वाळलेला नसतो. डब्यात चोवीस तास समुद्र चालूच असतो. इथले गळ समुद्रापेक्षा डब्यात जास्त गंजतात, असं आमचं मत झालं आहे.

गळ बहुतेक कार्बन पोलादाचे असतात, कारण ते कडक होतं आणि धार धरतं. त्यावर गंजू नये म्हणून मुलामा असतो. मुलाम्यातही फरक आहे. जस्ताचा मुलामा असेल आणि त्यावर ओरखडा पडला, तर जस्त आधी झिजतं आणि पोलाद काही काळ वाचतं. कथलाचा किंवा निकेलचा असेल, तर उलट होतं; ओरखड्यातून दिसणारं पोलादच आधी गंजतं, आणि वेगाने. त्यामुळे कातळावर घासलेला चकचकीत गळ वरून छान दिसला तरी उलट्या काट्याच्या मुळाशी आणि डोळ्यापाशी निरखून पाहा. तिथे लाल ठिपका दिसला की गळ बदला.

त्यातून दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटले की छोटी बॅटरीच तयार होते. स्टेनलेसची रिंग आणि पोलादी गळ यांची जोडी घ्या. झीज होते ती पोलादाची. ही जोडी टाळता येत नाही, पण त्यांच्यामधली खारी ओल टाळता येते.

‘स्टेनलेस’ या शब्दावरही आंधळा विश्वास नको. चांगल्या प्रतीच्या भांड्यांचं ३०४ जातीचं स्टील समुद्राच्या मिठापुढे ठिपक्याठिपक्यांनी पोखरलं जातं. ३१६ जातीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेलं असतं, म्हणून ते जास्त तग धरतं. तेसुद्धा फटीत मीठ साठलं तर हरतं. स्प्लिट रिंग म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दुहेरी वेढ्याची कडी, म्हणजे फटच फट. आणि चुंबक लावून स्टेनलेस ओळखायला जाऊ नका. थंड ओढलेली स्टेनलेस तार थोडीफार चिकटते, आणि काही कडक जातींचं स्टेनलेस तर सरळच चिकटतं.

मग गळच सरसकट स्टेनलेस का घेऊ नये? कारण दोर तुटून मासा गळ घेऊन गेलाच, तर साधा पोलादी गळ निदान गंजून झिजत जातो. स्टेनलेसचा गळ फार काळ तसाच राहतो. आमची निवड अशी : रिंगा आणि तारा उत्तम स्टेनलेसच्या, गळ मुलाम्याच्या पोलादाचे आणि वेळेवर बदललेले.

तिहेरीचे एकेरी

बाजारातल्या बहुतेक ल्युअरना दोन किंवा तीन तिहेरी गळ असतात. आम्ही शक्यतो ते काढून एकेरी जाड गळ लावतो. तिहेरीतली प्रत्येक दांडी बारीक असते; मोठा मासा ती सरळ करतो. शिवाय एक टोक तोंडात आणि दुसरं कातळात अडकलं, की तरफेसारखा जोर बसून रिंग उघडते. एकेरी गळात तेवढ्याच वजनात जाड तार मिळते. मासा सोडायचा असेल, तर चटकन सुटतो. आपली बोटंही वाचतात. पकडीने उलटा काटा दाबून टाकला, तर दोर ढिला पडल्यावर मासा स्वतःच गळ झटकून टाकण्याची शक्यता वाढते. दोन मासे जास्त सुटतील, ते आम्ही सोसतो.

पण बदलताना तोल सांभाळा. पाण्यावर तरंगणारा ल्युअर समजा ४० घनसेंटिमीटरचा आहे. तो समुद्रात सुमारे ४१ ग्रॅमपर्यंत तरंगेल. त्याचं वजन ३८ ग्रॅम असताना तुम्ही रिंगा आणि गळ मिळून ४ ग्रॅम वाढवलेत, तर तो बुडणार. पाकिटावर तरंगता लिहिलं असलं तरी! म्हणून काढलेलं आणि लावलेलं दोन्ही वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर करा, आणि बादलीत टाकून बघा. बादलीतल्या गोड्या पाण्यात जेमतेम तरंगला, तर समुद्रात नक्की तरंगेल, कारण समुद्राचं पाणी दोन-अडीच टक्के जड असतं.

फेकीतला धोका

टिकाऊपणाची एक बाजू आपल्या शेजाऱ्याशी संबंधित आहे. एकदा पुळणीवर आमचा ४० ग्रॅमचा चमचा फेकताना दोर तुटला. चमचा आडवा गेला आणि शिंपले वेचणाऱ्या एका मुलाच्या जवळ, हातभर अंतरावर वाळूत घुसला. मुलगा हसला. आमचे पाय लटपटले. त्या दिवशी पुन्हा फेक झाली नाही.

झटक्याच्या क्षणी दोरावर ल्युअरच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून किनाऱ्यावरून फेकणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : पुढचा जाड लीडर दर २८ ग्रॅम वजनाला साडेचार किलो ताकदीचा हवा. म्हणजे ४० ग्रॅमला साडेसहा किलो तरी, ८० ग्रॅमला तेरा. लीडरची लांबी रॉडच्या दुप्पट, वर रिळावर पाच-सहा वेढे, म्हणजे झटका पातळ दोरावर येतच नाही. जिताड्यासाठी आम्ही याहून जाड लीडर लावतो, कारण त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते. आणि फेकण्याआधी मागे वळून बघायचं. दर वेळी.

घरी आल्यावर

वापरलेला ल्युअर त्याच फेरीत पुन्हा कोरड्या डब्यात टाकू नका. एक ओला एक सगळ्यांना गंजवतो. वापरलेल्यांसाठी वेगळा डबा ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. नुसतं नळाखाली धरलं तर रिंगेच्या फटीतलं मीठ जात नाही. मग फडक्याने पुसून सावलीत, पंख्याखाली रात्रभर. उन्हात नको. डब्यात औषधांच्या बाटल्यांमधून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. रबरी मासे आणि कडक प्लॅस्टिकचे ल्युअर कधीही एकत्र ठेवू नका. रबरातला मऊपणा आणणारा द्रव रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही विरघळवतो, आणि सकाळी चिकट गोळा मिळतो.

सुरुवातीचा डबा

नवा माणूस वीस ल्युअर घेतो आणि त्यातले तीन वापरतो. आम्ही चार सुचवतो. एक, ३० ते ४० ग्रॅमचा तार असलेला धातूचा चमचा, शेपटीला एकेरी गळ. पुळणीवरून आणि वाऱ्यात. दोन, आरपार तारेचा लाकडी किंवा भरीव पॉपर. खडपावरून, पहाटे आणि संध्याकाळी. तीन, ११-१२ सेंटिमीटरचा जीभवाला मासा, जिभेचा जोड पारखून घेतलेला. खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी. चार, तीन-चार जिगहेड आणि रबरी मासे. जेटीवर आणि गाळाच्या खाडीत. रंगाबद्दल विचाराल, तर एक तारलीसारखा चंदेरी आणि एक गढूळ पाण्यासाठी उठून दिसणारा. बाकीच्या पैशांत चांगल्या रिंगा, जास्तीचे गळ आणि रिंग उघडायची पकड घ्या.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.)

*एका ताईंनी विचारलं : म्हणजे स्वस्त ल्युअर घ्यायचेच नाहीत का? आमच्याकडची मुलं शिकतायत, त्यांना महागातले कसे परवडणार?*

घ्या की. स्वस्त अंग आणि चांगलं लोखंड हा आमचा सुरुवातीचा मंत्र होता. पाकिटातल्या रिंगा आणि गळ काढून टाका, चांगले लावा, काट्याने ओढून बघा. जे १० किलोला टिकतील ते वापरा. जे टिकणार नाहीत ते लहान माशांसाठी ठेवा आणि ड्रॅग हलका लावा. मुलांना आम्ही सुरुवातीला धातूचा चमचाच देतो. त्यात मोडण्यासारखं काही नसतं, आणि स्वस्तही असतो. फक्त एकेरी गळ आणि डोळ्यांना चष्मा.

*एका काकांचा प्रश्न : शिशाचे चमचे घरी ओतले तर चालतील का?*

शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळतं. धोका तिथेच आहे. धूर आणि धूळ पोटात जाते आणि लहान मुलांना शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा फार जास्त होतो. स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको. साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी तापलेलं शिसं उडतं. आम्ही ओतत नाही, तयार विकत घेतो. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या चपातीला हात लावत नाही.

वेळ संपत आली आहे. हा उकललेला ल्युअर आम्ही फेकून दिलेला नाही. नवीन काही घ्यायला दुकानात जाताना तो खिशात असतो. समोर रंगीत पाकिटं टांगलेली असतात, दुकानदार अगत्याने दाखवत असतो, मोह होतो. मग खिशात हात घालून ही शेंग चाचपायची आणि पाकीट उलटं करून आधी कड्या बघायच्या.

ज्यांना दोन्ही हातात घेऊन बघायचे आहेत त्यांनी पुढे या. गळ काढून ठेवले आहेत, बोटांची काळजी नको.